पाठमोरी परीक्षा

खामगावच्या आमच्या अनाथालयातल्या थोरल्या मावशींनी मनावर घेतलं असतं, तर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गव्हर्नरालाही पोरांजवळ जाण्याआधी नखं दाखवावी लागली असती. अनाथालय चालवणाऱ्या मंडळाने नेमलेला माणूस असो की हौसेने सेवा करायला आलेली, कापसाच्या जिनवाल्या शेटजींची सून, मावशींकडे पंधरा दिवस शिकल्याशिवाय पाळण्याला हात लावायची मुभा नव्हती. नागपुरात शिकून आलेल्या एका बाईंना त्यांनी हात गार आहेत म्हणून आधी चुलीपाशी धाडलं. शेटजींची सून खेळण्यांची टोपली घेऊन आली, तर टोपली कोठीत गेली आणि सून तीन दिवस रिकाम्या हातांनी पोरांत बसली. "खेळणं पाहून आले तं पोट्टे खेळण्याचे. तुले पाहून आले तं तुहे," एवढंच मावशी म्हणाल्या. चौथ्या दिवशी एक पोर तिच्या रेशमी पदरावर झोपलं, आणि ओला पदर सावरत ती हसत घरी गेली.

शेवटची परीक्षा पाठमोरी असे. भिंतीकडे तोंड करून चटईवर बसायचं, आणि मागे जे पोर रडेल ते कशासाठी रडतं ते सांगायचं. मी नुकताच मॅट्रिक होऊन तिथे लागलो होतो. तीनदा बसलो, तिन्हीदा 'भूक' म्हणालो आणि तिन्हीदा चुकलो. "बाबू, तुले सारेच भुकेले वाटतात. घरून जेवून नाही आला काय बे?" मावशींनी विचारलं. स्वयंपाकीण तोंडाला पदर लावून हसली.

ते हसू मला झोंबलं. मी मंडळाला पत्र लिहिलं की मावशी शिकलेल्या माणसांचा पाणउतारा करतात, त्यांच्या अडाणी कसोट्यांपायी कोणी टिकत नाही. मी तीनदा नापास झालो, तेवढं लिहिलं नाही. मंडळाने मावशींना घरी बसवलं आणि शिकवणीऐवजी दहा नियमांचा छापील कागद भिंतीला लावला. पुढे संस्थेच्या स्मरणिकेत 'वयोमानामुळे निवृत्त' असं आलं. तो मजकूरही माझाच, आणि तो खोटा आहे.

जायच्या दिवशी मावशींनी बोचकं दाराशी ठेवलं आणि मला चटई दाखवली. मी बसलो. पत्र गेल्यापासूनच्या दिवसांत मी पोरांकडे कान देऊ लागलो होतो, पण हे कोणाला सांगितलं नव्हतं. मागे एक पोर रडू लागलं. मध्येच थांबे, जणू कानोसा घेई, पुन्हा रडे. मी म्हणालो, "भूक नाही. जवळ कोणी आहे का, ते पाहतंय."

"हाव," मावशी म्हणाल्या. "मंडळाले कागद कोनं लिहिला ते मले मालूम आहे. पन पोट्टे आता तुह्या हाती चालले. तुले येते का नाही, ते पाहिल्याबिगर माहा पाय निघत नव्हता."

वळून पाहायचं मला धैर्य झालं नाही. पोर शांत झालं. वहाणा वाजत अंगणात गेल्या आणि फाटकापाशी थांबल्या. मी न मारलेल्या हाकेसाठी मावशी थांबल्या होत्या. तेवढं मला पाठमोऱ्यालाही कळलं होतं.