दुपट्ट्याखालचा हात

संत्र्यांच्या बाजारात माझाच आवाज मोठा, म्हणून कुठं काही बिघडलं की लोक आधी माझ्याकडे बघत. एका सकाळी गर्दीतून लोखंडी वजन उडालं आणि एका अडत्याचं डोकं फुटलं. शेजारच्या व्यापाऱ्याला मी नुकतीच भावात सूट नाकारली होती. त्या रागानं त्यानं कोर्टात छातीठोक साक्ष दिली, "यानंच उजव्या हातानं फेकलं." शिक्षा झाली तर तुरुंगही होता आणि हमालीतून उभं केलेलं अडतीचं दुकानही बुडणार होतं.

आमच्याकडे भाव बोलून ठरत नसे. दुपट्ट्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून आकडा सांगायचा. वजन उडालं तेव्हा माझा उजवा हात दुपट्ट्याखाली याच साक्षीदाराच्या हातात होता. पण मी तसं म्हटलं तर कोर्ट म्हणणार, आरोपी दुसरं काय सांगणार?

धरमपेठेतल्या माझ्या तरुण वकिलानं साक्षीदाराला तेच विचारलं, दुपट्ट्याखाली तेव्हा कुणाचा हात होता. न्यायाधीशांनी अडवलं, "बाजारातल्या चालीरीती इथे नकोत. पुढे चला."

"माझी हरकत आहे, साहेब. माझा प्रश्न आणि तो नाकारल्याचं, दोन्ही नोंदवून घ्यावं."

साहेबांनी आठ्या घालून नोंदवलं. बाहेर येताच मी भडकलो. "लिहून काय होते गा, वकीलसाहेब? भांडाले पाहिजे होतं तुमी."

"शेठ, भांडण इथंच विरतं. लिहिलेलं वर जातं. आज गप्प बसलो तर वरचं कोर्ट विचारेल, तेव्हा का बोलला नाहीत?"

मला शिक्षा झाली. जामिनावर अपील केलं. वरच्या न्यायाधीशांनी तीच नोंद वाचली आणि साक्षीदाराला परत बोलावून माझ्या वकिलाला तो प्रश्न विचारायला लावला.

"त्या सकाळी यांचा माल तुम्ही घेतला?"

"घेतला."

"सौदा कधी ठरला?"

व्यापारी घुटमळला. माल त्यानं आरडाओरड्यानंतर लगेच, सगळ्या बाजारासमोर उचलला होता; वेळ लपवता येईना. "आरडाओरडा झाला, तेव्हाच."

"म्हणजे यांचा हात?"

"माझ्या हातात."

"कोणता?"

"उजवा."

चपराशीसुद्धा हसला. मी सुटलो. त्या दिवशी अख्ख्या बाजाराला मी चहा पाजला, त्याला सोडून.

दुसऱ्या दिवशी तो दुपट्टा पुढं करत आला. "झालं ते झालं, हात दे गा."

"तुले हात नाही देत. भाव तोंडानं सांग, सगळ्यांसमोर."

पुढे कायम त्याला माझ्याकडे ओरडूनच भाव करावा लागला, आणि मी मोठ्यानं नाही म्हणत गेलो.