इन्साफ काकूंची बांगडी आणि कर्नलसाहेब

आमचे रातिब काका जॉर्डनच्या सैन्यात इंजिनिअर होते. लोकांना वाटायचं, पूलबिल बांधत असतील. अठ्ठावीस वर्षांत काकांनी एकही पूल बांधला नाही. नदीच्या खोऱ्यात पुरलेले सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे, हे त्यांचं काम. तिथे जी हळू चालायची सवय लागली ती कायमची. आमच्या सल्त गावच्या चढावर काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्या त्यांना मागे टाकायच्या. मन्साफचं, म्हणजे मटण-भाताचं, मोठं ताट मध्ये ठेवून आम्ही सगळे भात भराभर पोखरायचो. काका मात्र कडेने बोटाने चाचपत आत शिरायचे आणि मटणापाशी पोचायचे तेव्हा हाडं उरलेली असायची.

कर्नल होऊन ते निवृत्त झाले आणि इन्साफ काकूंच्या संसारात चोवीस तासांचा अधिकारी आला. दार उघडण्याआधी दार तपासायचे. पार्सल आलं की काकूंना मागे सारायचे. काकू म्हणायच्या, "खोऱ्यातले सुरुंग संपले म्हणून यांना माझ्या घरी पाठवलंय."

एका सकाळी काकू मागच्या बागेत द्राक्षाची पानं खुडत होत्या. खुडता खुडता त्यांच्या लक्षात आलं की हातातली सोन्याची बांगडी नाही. त्या वाकून बघणार, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"हलू नकोस. आहेस तिथेच उभी राहा."

"अबू रजाई," काकूंनी नेहमीसारखी थोरल्या मुलाच्या नावाने, रजाईचा बाप अशी, हाक मारली, "मी पुदिन्यात उभी आहे."

"पुदिन्यात काही नाही असं तुला कोणी सांगितलं?"

काकू पाऊण तास पुदिन्यात उभ्या राहिल्या. तोवर काकांनी खुंट्या ठोकल्या, पांढरी फीत ताणली, बागेच्या सात पट्ट्या पाडल्या, आणि एका कडेला खुर्ची टाकून त्या जागेला ठाणं असं नाव दिलं. मग पालथे झोपून, हातात लोखंडी सळई घेऊन, वीतवीत जमीन टोचत निघाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर प्रेक्षक जमले. शेजारचा नव्वाफ न्हावी दुकान बंद करून आला.

"कर्नलसाहेब, चहा आणू?"

"फितीच्या बाहेर ठेव."

"या वेगाने रमझानपर्यंत होईल का हो?"

"घाई असेल तर तू पुढे चाल," काका मान वर न करता म्हणाले. नव्वाफ चहा आणायला गेला.

पहिल्या चार पट्ट्यांत तीन चमचे, एक कात्री आणि माझ्या वडिलांचा चाकू सापडला. तो चाकू काकांनीच चोरला, असं वडील वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. चाकू हातात दिल्यावर वडील म्हणाले, "मग पुरलास तूच."

तिसऱ्या दिवशी, अंजिराच्या झाडाखाली सळई खट्‌कन वाजली. काकांनी बोटांनी माती सारली. पत्र्याचं झाकण दिसलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"इन्साफ, मागे हो. पंचवीस मीटर."

"बागच बारा मीटरची आहे."

"मग घरात जा. प्रकरण धोक्याचं आहे."

तीस वर्षांच्या संसारात काकूंना नवऱ्याचा आवाज कळत होता. त्या सगळ्या फिती ओलांडत सरळ आल्या आणि डबा उचलून उघडला. आत सिगारेटची पाच पाकिटं.

"सहा वर्षांपूर्वी सोडल्या होत्या ना?"

"शत्रूने पुरल्या असतील."

"शत्रू नेमक्या तुमच्याच छापाच्या ओढतो?"

भिंतीवरून कोणीतरी इतकं हसलं की खाली पडलं. तो नव्वाफ होता, आणि पडला तोही न तपासलेल्या सातव्या पट्टीत. काकांनी त्याला जागेवरून हलू दिलं नाही. सळईने वाट मोकळी करत त्याच्यापर्यंत गेले आणि दुपारी त्याला बाहेर काढलं.

बांगडी चौथ्या दिवशी काकूंनाच मिळाली. झाडताना त्यांनी काकांची खुर्ची उचलली, तर बांगडी तिच्याच खाली.

"इथे नाही शोधलंत?"

"तिथे कशाला? तिथे ठाणं होतं."

काकूंनी बांगडी घातली आणि पुन्हा झाडायला लागल्या. संध्याकाळी काकांनी दोन पानी अहवाल लिहिला, खाली सही केली, आणि एक प्रत नव्वाफला दिली.

पुढे नऊ वर्षांनी, एका हिवाळ्यात, काका झोपेतच गेले. तीन दिवस घरी माणसं येत होती. तिसऱ्या दिवशी करक गावाहून मिझ्येद नावाचा एक जाडजूड म्हातारा आला. काकांच्या हाताखालचा शिपाई.

"आम्ही फार शिव्या द्यायचो त्यांना," तो काकूंना म्हणाला. "शेजारची तुकडी आठवड्यात सुरुंगांचं शेत साफ करून मोकळी व्हायची. आम्ही महिनाभर उन्हात पालथे. पण बाई, आम्ही चौदा जण गेलो होतो, चौदाच्या चौदा घरी आलो. माझे हे दोन पाय आहेत, त्यांनी चालत आलोय." बोलता बोलता तो रडायला लागला.

काकूंनी त्याच्या हातात कडू कॉफीचा पेला दिला. जरा वेळाने हळूच विचारलं, "तिथे माझ्याबद्दल काही बोलायचे का हो?"

मिझ्येदने डोळे पुसून प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही बाई. तिथे ते कोणालाच बोलू द्यायचे नाहीत."

तीन दिवसांत काकू पहिल्यांदा हसल्या.