हरणी उसात शिरली तो दिवस

चिन्मय, सई,

गेले तीन रविवार व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारताय, "आजी, हरणी का दिसत नाही?" मी "गावी गेलीय" म्हणते आणि बोलणं तुमच्या शाळेकडे वळवते. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं सांगायचा धीर मला आत्ता आला आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

हरणी करवानी (पूर्वी शिकारीसाठी पाळत ती उंच, सडसडीत देशी कुत्र्यांची जात) आहे. तिच्या बरगड्या दिसतात म्हणून शेजारच्या बाई मला टोमणे मारतात, पण ही कुत्री तशीच असायची. परक्याने हात लावलेला तिला खपत नाही. ती चावत नाही, अंग चोरून बाजूला होते.

ती आपल्याकडे आली गडहिंग्लजच्या पुढे राहणाऱ्या आण्णांकडून. आण्णा जैन शेतकरी. त्यांच्या घरी ही कुत्री शिकारीला नेत नाहीत, राखणीला ठेवतात. विकतही नाहीत. पिल्लू द्यायचं आणि पहिल्या वेतातली एक मादी परत घ्यायची, असा त्यांचा रिवाज. गेल्या वर्षी त्यांची कुत्री साप चावून गेली. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला वाण एकट्या हरणीत उरला. ती गाभण आहे हे कळल्यावर आण्णा फोनवर म्हणाले, "आक्का, लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायची की!"

सकाळी साडेनऊला आम्ही भाड्याच्या गाडीने कोल्हापूर सोडलं. चालक दिलीप तरुण आणि बोलका. निघण्यापूर्वी मी एक चूक केली. आण्णांनी दिलेला चार बोटं रुंद चामडी पट्टा तेलकट झाला होता. माहेरी नीटनेटकी जावी म्हणून मी तो काढून नवा, नाजूक पट्टा घातला.

कागल, निपाणी, संकेश्वर मागे पडलं. ऊसतोडीचे दिवस. रस्ताभर उसाने लादलेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, कर्कश गाणी लावून चाललेले. प्रत्येक हॉर्नला हरणी थरथरे आणि माझ्या मांडीत तोंड खुपसे.

गाव दोन किलोमीटरवर असताना मी तिला पाय मोकळे करायला खाली उतरवलं. शेजारच्या फडात (ऊस तोडणी चालू असलेलं शेत) कोयते चालले होते. तोडलेल्या उसातून एक ससा उठला. हरणीने एकच हिसका दिला. माझ्या हातात दोरी, दोरीला रिकामा पट्टा. या जातीचं डोकं मानेपेक्षा जाड नसतं, साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो, हे मला त्या क्षणी समजलं.

ससा गेला, मागोमाग ती गेली, उभ्या उसात. मी हाका मारत धावले. दिलीप माझ्यापुढे धावला. एकदा ती पार दुसऱ्या बांधावर दिसली, दिलीपला बघून पुन्हा आत. पोटात पिल्लं आणि पलीकडे ट्रॅक्टरचा रस्ता.

फोन केल्यावर आण्णा मोटरसायकलवरून आले. माझ्या हातातला पट्टा पाहिला. आणि दिलीपवर ओरडले, "ए पावणं, पळू नगासा! तुमी पळला की ती पळणार. तुमास्नी घावणार हाय व्हय ती?"

मग ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ट्रॅक्टरवाला खवळला. "आण्णा, कारखान्यावर वजनकाट्याला लाइन लागलीया! नंबर जाईल माझा."

"जाऊ दे. घाई आसंल तर माझ्या अंगावरनं ने."

"तुमच्या अंगावरनं न्हेली तर टायर फुटंल की," असं पुटपुटत त्याने इंजिन बंद केलं. मागचे दोघेही थांबले. गाणी बंद झाली.

आण्णांनी माझी शाल बांधावर पसरली आणि मला तिच्यावर उसाकडे पाठ करून बसवलं. "हाक मारायची न्हाय. वळून बघायचं न्हाय. जिथनं सुटली तिथंच येती ही जात."

मला शिस्त आवडते, पण असं बसणं मला जमत नव्हतं. पाचट (उसाचा वाळका पाला) वाजलं की मान आपोआप वळायला बघे. तास गेला, दुसरा गेला, दुपार सरली. आण्णांच्या पत्नी फडक्यात बांधून भाकरी, पिठलं, दही घेऊन आल्या. ऊन कलत होतं. आण्णा सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, हे मला माहीत होतं.

"आण्णा, जेवून घ्या. मी बसते."

"खाताना हाताचा आवाज हुतो, आक्का, ती बिचकंल. बसू दे."

सूर्य गेला. फडकं तसंच बांधलेलं राहिलं. आणि अंधुक उजेडात माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. हरणीचं नाक. मी हललेसुद्धा नाही. आण्णांनी शालीची टोकं अलगद तिच्याभोवती आणली. पाचटाने पाय चिरले होते, धाप लागली होती. मी रडले, हे दिलीपने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कुत्रीपायी उपास घडला की आज," आण्णांच्या पत्नी म्हणाल्या.

"घडू दे. पुण्य तुझ्या नावावर," आण्णा म्हणाले.

हरणीला तिथे ठेवून दुसऱ्या दिवशी मी एकटी परतले. एवढं पळाल्यावर पिल्लांचं काय झालं असेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. फोन वाजला की मी दचकत असे. माझ्या स्वच्छतेच्या हौसेपायी तीन पिढ्यांनी जपलेलं संपणार होतं, हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. पण मी ते विसरणार नाही.

काल आण्णांचा फोन आला. हरणीला पाच पिल्लं झाली. दोन पहिल्याच दिवशी गेली. हरणी आहे, दोन माद्या आहेत, एक नर आहे. रिवाजाप्रमाणे एक मादी आण्णांकडे राहील.

तुमची आजी