गाडीचे शॉक गेले तेव्हा

आता माझ्या अकलेचे तारे किती सांगू तुम्हाला! चहा होईस्तोवर हा एकच ऐका.

आमच्या चौलात तेव्हा नुकतीच वीज आली होती. बटण दाबताना मला एकदा असा शॉक बसला, की पुढे कित्येक दिवस मी दिवा काठीने लावायचो! त्याच सुमारास सुपारीच्या धंद्यासाठी जुनी मोटार घेतली. अलिबागच्या हसनभाई मिस्त्रीने ती खालून-वरून पाहिली.

"शेट, हिचे शॉक गेलेत. नवे घाला."

"गेले? मग बरंच झालं की! परत कशाला आणायचे?"

हसनभाईला वाटलं, शेट चिकट आहे. "गाडी नाचेल," एवढंच म्हणाला.

नाचेना का! शॉक तर बसणार नाही?

पुढे आमच्या शालूला बघायला मुंबईहून मुलाचे वडील आले. बापूसाहेब. धंदा मोटारींच्या सुट्या भागांचा! मी आणि बायको त्यांना आणायला रेवसच्या धक्क्यावर गेलो.

"बसा, कुठेही बिनधास्त हात लावा," मी म्हणालो. "हिचे शॉक केव्हाच गेलेत!"

बापूसाहेब दचकले. "मग नवे नाही टाकले?"

"छे! मिस्त्री मागे लागला होता. म्हटलं, घरात बायकामाणसं आहेत, जिवाशी खेळ नको!"

बापूसाहेबांनी दाराची कडी घट्ट धरली.

रस्ता खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, बांधावरून. पहिल्याच खड्ड्यात गाडी उडाली. बरं, उडाली ती उडाली, थांबायचं नावच घेईना! खड्डा कुठल्याकुठे मागे राहिला, तरी आम्ही आपले वरखाली, वरखाली. तेवढ्यात समोर म्हैस! मी ब्रेक दाबला. पण चाकं रस्त्याला धड टेकतील तर गाडी थांबणार ना? म्हैस हलेना, मी स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी थेट खाजणात!

कोणाला खरचटलंही नाही, नशीब. पण गुडघाभर चिखलात उभे राहून बापूसाहेब ओरडले, "अहो, विजेचे शॉक नव्हेत ते! स्प्रिंगजवळची नळकांडी असतात. गाडीचं उडणं थांबवतात, चाक रस्त्याला धरून ठेवतात. ती गेली की ब्रेकसुद्धा धड लागत नाही!"

"अस्सं होय!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शालूचं स्थळ हातचं गेलं, हे दिसतच होतं.

बापूसाहेब बायकोकडे वळले. "वहिनी, अगदी खरं सांगा. मुलगी कोणावर गेलीय?"

"माझ्यावर," लुगडं पिळत बायको म्हणाली.

"नक्की?"

"देवाशपथ! ह्यांचं काही म्हणून नाही तिच्यात."

"मग जमलं म्हणा!"