कलिंगडांच्या ट्रकमधून मीटिंगला

आमच्या मॅनेजरने ताईंना फसवलं. त्यांची सुट्टी मंजूर केली, त्या लाओसला पोहोचताच ग्राहकाची मीटिंग अलीकडे ओढली आणि त्यांनी एकटीने बांधलेल्या सिस्टिमच्या अहवालावर स्वतःचं नाव टाकलं. मीच हॉटेलवर फोन करून त्यांना हे कळवलं.

ताई टोकियोत, आमच्या कोतो भागातल्या ऑफिसात. डबा उभ्यानेच खातात, आणि काही अडलं की म्हणतात, "विचारायला काय जातंय?" मी कोथिंबिरीसाठीही घासाघीस करणारा, त्या कुणाशीच करत नाहीत.

त्या लगेच परत निघाल्या, पण थायलंडच्या सीमेवर, मेकाँग नदीच्या पुलाशी त्यांची बस चुकली. तो पूल पायी ओलांडू देत नाहीत. बेचाळीस वर्षांच्या या बाईंनी कलिंगडांच्या ट्रकला हात केला, त्यात बसून थायलंड गाठलं, विमान पकडलं आणि पाठीवरच्या सॅकसकट मीटिंगमध्ये आल्या.

ग्राहकाच्या पहिल्याच प्रश्नाला मॅनेजर अडखळला.

"मी सांगू का, साहेब?" ताई म्हणाल्या, आणि अर्धा तास जपानीत बोलल्या. माझी मान ताठ झाली.

अहवालावर अजून त्याचंच नाव आहे. ताई म्हणतात, "जाऊ द्या हो." मी जाऊ देणार नाही. ते नाव तिथे कसं आलं, हे मॅनेजरने सगळ्या ऑफिससमोर उभं राहून सांगावं.