माळवदावरच्या बाया मी मोजल्या नाहीत

एकोणीसशे एकसष्टच्या वैशाखात, तेरच्या पलीकडच्या एका गावात, दुपारचा स्त्रियांचा रेडिओ कार्यक्रम एकही बाई ऐकत नाही, असा अहवाल मी सही करून दिला. त्याच्या आदल्या दिवशी त्याच गावातल्या बायांमध्ये बसून मी तोच कार्यक्रम ऐकला होता.

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्या हाताखाली बातमी लिहायला शिकलो त्या संपादकांना नाही. तुम्हाला सांगतोय — पण पश्चात्तापानं झोप उडाली म्हणून सांगतोय असं समजू नका. झोप मला सगळी वर्षं चांगली लागली. तेही याच गुन्ह्यात धरा.

हल्ली सरकारी दूरचित्रवाणीवरचं काय किती लोक पाहतात, यावर फार बोललं जातं. शेतीचा कार्यक्रम खेड्यात कोणी लावत नाही, बायांना फक्त मालिका हव्यात, लोकांच्या पैशानं चाललेलं लोकांनाच नको आहे — असं ठासून सांगणाऱ्यांच्या सभांना मी गेलो आहे, पहिल्या रांगेत बसलो आहे. त्यांच्या हातात आकडे असतात. मी टाळ्या वाजवत नाही, इतकंच. आकडा कसा तयार होतो ते मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, एका खेड्यातला, एका कोवळ्या पोरानं दिलेला आकडा — त्याचं एवढं काय? हेच मी स्वतःला सांगत आलो. आता तुम्ही सांगू नका.

क्रमानं सांगतो.

मी तेव्हा उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, एका साप्ताहिकात काम करत होतो. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आमचा मुलुख मुंबई राज्याला जोडला जाऊनही थोडीच वर्षं लोटली होती. सरकारनं गावोगाव चावडीत रेडिओ बसवले होते. खेड्यात वीज नव्हती. संच बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की तालुक्याहून नवी येईपर्यंत गाव मुकं. म्हणून प्रश्न निघाला, की संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी आणि दुपारी बायांसाठी अशी दोनदा बॅटरी का जाळायची?

त्यावर मी एक लेख लिहिला. खेड्यातल्या बाईला रेडिओत रस नाही, दुपारचा तास वाया जातो, असा. कशाच्या आधारावर? कळंबकडच्या दोन गावांत चावडीवर जाऊन आलो होतो, तिथं दुपारी बाई दिसली नव्हती. एवढ्यावर. लेख पहिल्या पानावर आला. सोलापूरच्या एका दैनिकाच्या संपादकांनी तो वाचून निरोप धाडला, हा मुलगा कोण आहे, त्याला भेटायला पाठवा. मी बावीस वर्षांचा होतो. त्या निरोपानं मला काय झालं असेल, ते तुम्ही ओळखा.

त्याच लेखामुळं काही गावांची सरकारी श्रोता-पाहणीही मला मिळाली. ज्यानं निकाल आधीच छापला आहे, त्यालाच तपासायला पाठवलं — आणि यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पाहणीचा नियम सोपा होता. कार्यक्रमाच्या वेळी संचासमोर बसायचं आणि संचासमोर बसलेली माणसं मोजायची. संचासमोर — हा शब्द ध्यानात ठेवा.

त्या गावी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सरपंच माणिकराव चावडीतच होते. भला माणूस. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं त्यांच्यावर जे आलं ते माझ्यामुळं आलं. दुपारी त्यांनी स्वतः संच लावला, आवाज पुरता मोठा केला आणि मागच्या भिंतीची खिडकी उघडली. समोर मी, एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं. म्हातारा झोपला होता.

मी म्हणालो, बाया येत नाहीत वाटतं.

"चावडीत कशा येतील, पत्रकारसाहेब? चावडीची पायरी आमच्यात बाई चढत न्हाय. पण ऐकतेत बरं का. वर बघा."

चावडीला लागून रशीदाबीचं घर. नवरा शिंपी होता, तो वारलेला; ती आणि तिची सून नसीम शिवणकाम करून राहायच्या, मुलगा हैदराबादला कामाला. त्या घराचं माळवद — मातीचं सपाट छप्पर — चावडीच्या खिडकीच्या बरोबर वर यायचं. त्यावर धोतरं अंथरली होती, धोतरांवर कुरडया आणि शेवया वाळत होत्या, आणि कडेनं बाया बसल्या होत्या. डोक्यावर ओले पदर. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, वरच्या आळीतल्या, खालच्या आळीतल्या. प्रत्येकीच्या घराला स्वतःचं माळवद होतं. पण आपापल्या कुरडया डोक्यावर घेऊन त्या या एकाच माळवदावर यायच्या. घरी सांगून यायच्या, की पाखरं राखायला जातो.

रशीदाबीनं मला बघितलं. "काय मोजतो रे बेटा खाली? कुत्रं मोजलं का? वर ये."

मी घुटमळलो. गोदाकाकू म्हणून एक जाडजूड बाई होती, ती मोठ्यानं म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं रशीदा. शहरातलं लेकरू हाय, शिडीचं भ्या वाटतंय त्याला. खालूनच लिव्हील."

सगळ्या हसल्या. मी वर गेलो.

त्या दिवसांत बाळंतपणावर भाषणं चालू होती, आठवड्याला एक. नसीमला सातवा महिना होता. पहिलं मूल धनुर्वातानं गेलेलं. गावातल्या सुईणीला दिसेनासं झालं होतं आणि दवाखाना दूर. म्हणजे ही भाषणं त्या माळवदावर करमणूक नव्हती, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. कळलं नाही असं म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

रेडिओवरची बाई शुद्ध बोलायची. दर दोन-तीन वाक्यांनी गोदाकाकू तेच आपल्या भाषेत पुन्हा सांगायची आणि रशीदाबी नसीमसाठी दखनी उर्दूत. नाळ कापायचं पातं उकळत्या पाण्यातून काढावं, असं रेडिओ म्हणाला.

"ऐकलं का गं?" गोदाकाकू शेजारणीला म्हणाली. "तुझी सासू तर इळ्यानं कापायची. त्याच इळ्यानं मग भाजी."

"माझ्या सासूचं नाव नका काढू काकू, ती खाली ऐकत आसंल."

"ऐकू दे की. तिच्यासाठीच लावलाय रेडू."

कार्यक्रम संपला तरी कोणी उठलं नाही. पुढच्या आठवड्यात काय सांगणार, पोर अडलं तर काय करायचं ते सांगतील का, यावर वाद चालला. नसीम शेवयांवरची माशी हाकत होती आणि ऐकत होती. मी शिडीवरून उतरायला लागलो तेव्हा रशीदाबी म्हणाली, "आमचं बी लिव्ह बेटा. आमी दिसत न्हाय खालून, पण हाय म्हणून लिव्ह. तेवढं तर काम हाय तुझं."

मी हो म्हणालो.

आता इथं थोडं थांबतो. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला खोलीवर बसून मी अहवाल भरला — संचासमोर बसलेल्या स्त्रिया, शून्य. तो आकडा खोटा नव्हता. बघा तुम्ही. नियमाप्रमाणे तो अगदी बरोबर होता; कोणीही तपासला असता तर बरोबरच निघाला असता. संचासमोर एकही बाई नव्हती. आयुष्यभर मी अचूकतेचं नाव घेऊन जगलो, तरुण वार्ताहरांना त्यावरून फैलावर घेतलं. आणि मी केलेलं सर्वांत वाईट काम अचूक होतं. खाली शेऱ्यासाठी जागा होती. माळवदाबद्दल दोन ओळी तिथं मावल्या असत्या. मी ती कोरी ठेवली.

का? लेख छापून आला होता म्हणून. त्या दोन ओळींनी माझा लेख खोटा ठरला असता आणि सोलापूरचा दरवाजा लागला असता. गरिबी होती, वय कच्चं होतं, असली कारणं माझ्यासाठी कोणी जुळवू नयेत. मी गरीब नव्हतो. आणि बावीस हे वय कच्चं नसतं — नसीम माझ्याहून लहान होती.

आषाढात नवी बॅटरी आली, ती फक्त संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी, अशा सूचनेसह. दुपारचा रेडिओ बंद झाला. भाषणं अजून चालू होती. पोर अडलं तर काय करायचं, ते अजून यायचं होतं.

हे इथंच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पुढचं जास्त वाईट आहे.

तेरच्या बाजारात मला रशीदाबी भेटली. मी बातमीसाठी गेलो होतो, ती सुई-दोरा घ्यायला आली होती. मी तिला टाळू शकलो असतो. तिनंच हाक मारली. रागावलेली नव्हती. तिनं सरळ विचारलं, "बेटा, तू लिव्हलं होतं न्हवं आमचं?"

काय बोललो असेन मी? नाही लिहिलं, म्हणालो असतो तर काय झालं असतं? बाजारात एका विधवा शिंपिणीनं मला चार शब्द सुनावले असते. एवढंच. त्या चार शब्दांना मी भ्यालो. मी म्हणालो, लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं. आणि ती अजून माझ्याकडं बघतच होती म्हणून पुढं म्हणालो — तुमच्या सरपंचालाच नको असेल.

न विचारता म्हणालो हे. ज्या माणसानं माझ्यासमोर खिडकी उघडली होती, त्याचं नाव घेतलं.

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी तिच्या माळवदावर बसलो होतो.

पुढचं मला बसच्या कंडक्टरनं सांगितलं. तो त्याच गावचा, रोज उस्मानाबादला यायचा. रशीदाबीनं भर रस्त्यात माणिकरावांना धरलं, म्हणाली, तुम्ही आमचा रेडिओ खाल्ला. बरोबरच्या बायांनीही तोंडसुख घेतलं. माणिकराव चिडले नाहीत. अहवालात बाया शून्य दाखवल्यात, असं तालुक्याला त्यांना तोंडी सांगितलं होतं, तेच त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, झूट. पेपरवाल्या पोरानं लिहिलं आहे, त्यानं स्वतः सांगितलं. तेव्हा माणिकराव म्हणाले, मग त्याला आणा. त्यानं चावडीत चार माणसांसमोर एवढंच म्हणावं, की मी बाया बघितल्या. त्याच पावली तालुक्याला जातो आणि दुपार परत मागतो.

हा निरोप घेऊन कंडक्टर माझ्याकडं आला. "शुक्रवारी दुपारच्या गाडीनं या म्हणाल्यात. लई न्हाय, एक शब्द बोलायचाय म्हणं. गाडीत जागा मी धरतो तुमच्यासाठी."

मी येतो म्हणालो.

नसीमचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि ज्याची खात्री केली नाही ते लिहायचं नाही, एवढी एक सवय मला नंतर लागली. तिचं चांगलं झालं असेल असं लिहून मी सुटणार नाही, आणि वाईट झालं असेल असं लिहून तुमच्याकडून अश्रूही घेणार नाही.

सोलापूरच्या दैनिकात मी त्याच वर्षी रुजू झालो. तिथं चांगलं काम केलं. हे मी खाली मान घालून सांगत नाही. काम खरंच चांगलं होतं. त्यानं हे फिटत नाही, आणि ते फिटावं म्हणून मी ते केलंही नव्हतं. तुम्ही मला माफ करायला बसला असाल तर उठा.

त्या शुक्रवारी मला दुसरं काम नव्हतं. आजारी नव्हतो. पाऊसही नव्हता. खोलीच्या खिडकीतून बसस्थानक दिसायचं. तेरकडची गाडी लागलेली मी पाहिली, कंडक्टर दारात उभा राहून रस्त्याकडं बघत असलेला पाहिला, आणि गाडी सुटलेली पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो आला. तक्रार नाही, शिवी नाही. जे झालं ते उभ्यानं सांगितलं आणि गेला. दुपारी रशीदाबी चावडीची पायरी चढली. तिच्यामागून गोदाकाकू, मग बाकीच्या. माणिकरावांनी सतरंजी टाकून दिली. बंद रेडिओच्या समोर बाया दाटीनं बसल्या, दारापर्यंत. गाडी आली तेव्हा सगळ्यांनी दाराकडं बघितलं. गाडीतून तेरचे दोन व्यापारी उतरले. शेवटची गाडी दिवस मावळताना गेली, तोवर त्या बसून होत्या.