उधारीचा विटाळ

अमरावतीला आमच्या शेजारी तहसिलीतले एक कारकून राहत. उधारीचा त्यांना भारी विटाळ. वाण्याच्या दुकानात कोणी "मांडून ठेव" म्हटलं की हे चारचौघांत ऐकवायचे, "आमच्या घरी नाई बाप्पा उधारीचा दाना येत!" बायको-पोरंही माना डोलवायची. काडेपेटी त्यांच्याकडे देव्हाऱ्यात असे. ती संपू नये म्हणून हे रोज सकाळी गोवरी घेऊन आमच्या दारात उभे. आमच्या चुलीतला विस्तव न्यायचा, त्यावर आपल्या भाकरी भाजायच्या आणि उजळ माथ्यानं कचेरीत जायचं.

एका सुट्टीच्या दुपारी अकोल्याहून पाहुणे आले आणि नेमकी आमची चूल विझलेली, घरात एक काडी नाही. बायको गोवरी घेऊन त्यांच्या दारी गेली. आत सकाळी आम्हीच दिलेला विस्तव रसरसत होता. हे उंबरठ्यातूनच म्हणाले, "वयनी, आमी उधार घेत नाई, न् कोनाले देतबी नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा गोवरी घेऊन हजर! मी विचारलं, "काहून हो, आज चालते का उधारी तुमाले?"

ते मनापासून हसले. "विस्तवाले कोनी उधारी म्हनते काय, भाऊ?"